प्रोग्रेसो बंदर : रक्त मिसळले, उतरंड तशीच

क्रूझ जहाज बंदराला लागण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक खोलीत एक छापील कागद येतो. उद्या कुठे जाता येईल आणि त्याचे किती पैसे पडतील, हे त्यात असते. मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या प्रोग्रेसो बंदराच्या कागदावर डझनभर सहली होत्या. चिचेन इत्झाचा पिरॅमिड, उश्मलचे अवशेष, नाहीतर मग किनाऱ्यावरचा क्लब आणि हवे तेवढे मद्य. जवळजवळ प्रत्येक वर्णनात 'माया' हा शब्द, आणि त्याला लागून 'गूढ' किंवा 'लुप्त'. युकातानच्या द्वीपकल्पात आजही लाखो माणसे घरात माया भाषा बोलतात. लुप्त झालेली माणसे बाजारात भाव करतात का? आपल्याकडे कार्ल्याच्या लेण्यात गाईड सांगतो, "प्राचीन काळी इथे बौद्ध लोक राहत असत," आणि समोर उभे असलेले बौद्ध कुटुंब त्याला दिसत नाही. तीच ही तऱ्हा.

ह्यूस्टनला राहणाऱ्या पुतण्याने ही पाच दिवसांची सफर ठरवली होती. तो, सूनबाई आणि मुले किनाऱ्यावर गेली. "काका, एकटे फिरू नका, भाषा येत नाही तुम्हाला," असे तो दोनदा म्हणाला. भाषा येत नसताना गावोगाव फिरण्यात आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांची हयात गेली. मी पाण्याची बाटली आणि फोन घेऊन निघालो.

प्रोग्रेसोचा धक्का कित्येक किलोमीटर लांब आहे. इथला समुद्रतळ इतका उथळ आणि सपाट की मोठ्या जहाजाला जवळ येताच येत नाही, म्हणून गावालाच समुद्रात हात लांब करावा लागला. जुना भाग १९३७ ते १९४१ या काळात बांधला, पुढचा १९८०च्या दशकात जोडला. त्यावरून चालत जाऊ देत नाहीत, फुकट बस गावात आणून सोडते. रस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. ऐंशी क्रमांकाचा रस्ता धरला की एका टोकाला समुद्र, दुसरीकडे बाजार, आणि मध्येच घरांच्या गर्दीत एक जुने पांढरे दीपगृह. हरवण्याची सोय नाही.

हे गाव १८७१ साली वसवले गेले ते दोरासाठी. अमेरिकेत धान्य कापून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली, पेंढी बांधायला सुतळी हवी झाली आणि ती सुतळी हेनेकेन नावाच्या झाडाच्या वाखापासून होत असे. हेनेकेन म्हणजे आपल्या घायपाताचा सख्खा भाऊ. इंग्रजीत या वाखाला 'सिसल' म्हणतात, ते नाव प्रोग्रेसोच्या आधी हा माल जिथून जाई त्या सिसल बंदराचे. घायपाताचे मूळच मेक्सिकोतले. ते आपल्याकडे आले, बांधाबांधावर लागले, आणि त्याचा वाख काढून दोर वळण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले हे वाचकांना सांगायला नको. कासरा, दावे, नाडा, चऱ्हाट हे सगळे मातंग समाजाने वळायचे आणि सुगीला खळ्यावर पसाभर धान्यासाठी उभे राहायचे. ज्याच्या दोराने गावाची मोट चालली, त्याला त्या मोटेच्या पाण्याला हात लावायची बंदी होती.

इकडे युकातानात तोच वाख काढणारा माया मजूर हासिएंदा नावाच्या मळ्यावर कर्जाने बांधलेला असे. पगार मळ्याच्या स्वतःच्या टोकनांत, ती चालणार मळ्याच्याच दुकानात. लग्नाला उचल, आजाराला उचल, आणि हिशेबाची वही मालकाकडे. उचल फिटेपर्यंत मळा सोडता येत नसे आणि उचल फिटत नसे. पळाला तर पकडून परत आणत. माणसे कमी पडली तेव्हा वायव्येकडच्या सोनोरातून याकी लोकांना हद्दपार करून इथे आणून कामाला जुंपले. जॉन केनेथ टर्नर या अमेरिकन पत्रकाराने १९०९च्या सुमारास यावर लिहिले तेव्हा जगाला कळले. त्याच काळात सुतळीचे व्यापारी मेरिदा शहरात युरोपच्या थाटाचे वाडे बांधत होते, आणि मालाची जहाजे याच प्रोग्रेसोहून सुटत होती. गावाच्या नावाचा अर्थ 'प्रगती'.

बाजार मोठा नाही. मासे, मिरच्या, लालजर्द वाटण आणि सकाळीच संपत आलेले कोचिनिता पिबिल, म्हणजे आंबट नारंगीच्या रसात मुरवून शिजवलेले डुकराचे मांस. (आपल्याकडच्या काही शुद्ध शाकाहारी देशभक्तांनी इथे दोन दिवस काढावेत.) मी पानुचो घेतला. मक्याची फुगलेली छोटी पोळी, पोटात काळ्या घेवड्याचे वाटण, वर कोंबडी आणि लोणच्यातला लाल कांदा. गाड्यावर पांढरा, गळ्याशी भरतकाम केलेला वीपिल घातलेली मावशी होती आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. मुलीला बरे इंग्रजी येत होते. बाकीचे काम फोनवरच्या भाषांतराने केले.

मी विचारले, तुम्ही माया का? मुलगी म्हणाली, "आई मेस्तिसा आहे. मी नाही."

मी गोंधळलो, कारण पुस्तकात मेस्तिसो म्हणजे स्पॅनिश आणि मूळनिवासी यांच्या मिश्रणातून झालेला. इथे अर्थ उलटा आहे. युकातानात मेस्तिसा म्हणजे वीपिल घालणारी, माया बोलणारी बाई. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या बंडानंतर 'इंडिओ' म्हणजे बंडखोर, रानटी असा शिक्का बसला. सरकारच्या ताब्यातल्या भागात राहणाऱ्या माया लोकांना तो शिक्का नको होता, म्हणून मेस्तिसो हे नाव जवळ केले गेले. कपडे बदलले, जीन्स घातली, की मुलगी मेस्तिसाही राहत नाही. पण आडनाव? पेच, चान, कानुल, पोओत अशी माया आडनावे लगेच ओळखू येतात. वर्गात हजेरी घेतली की कळते, ती म्हणाली. मग तिने मला विचारले, तुमच्याकडे कसे ओळखतात? मी म्हटले, आधी आडनाव विचारतात. त्यातून नाही कळले तर गाव, गावातून नाही कळले तर कोणत्या गल्लीत राहता ते. ती हसली आणि आईला माया भाषेत सांगू लागली. मावशी हसल्या नाहीत, त्यांनी मान डोलावली.

ज्या बंडाबद्दल मी बोलतो आहे, त्याचे नाव इतिहासात 'गेर्रा दे कास्तास' असे आहे. जातींचे युद्ध. १८४७च्या जुलैत मानुएल आंतोनियो आय या माया पुढाऱ्याला बायादोलिद शहरात ठार मारण्यात आले, आणि त्यानंतर काही दिवसांतच सेसिलिओ ची आणि हासिंतो पात यांच्या नेतृत्वाखाली पूर्व युकातान पेटले. वर्षभरात बंडखोर मेरिदाच्या जवळ पोचले होते. पुढे ते पूर्वेच्या जंगलात मागे हटले, चान सांता क्रूझ ही आपली राजधानी वसवली आणि १९०१पर्यंत टिकून राहिले. पकडलेल्या मायांना क्युबात विकण्याचा धंदाही याच काळात चालला. त्याला १८६१ साली बेनितो हुआरेझ यांनी बंदी घातली.

'कास्ता' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरच्या जातींना तोच शब्द लावला आणि त्यातून इंग्रजीतला 'कास्ट' आला. स्पॅनिशांनी मेक्सिकोत तो रक्ताच्या मिश्रणासाठी वापरला. अठराव्या शतकात तिथे या कास्तांची चित्रे काढण्याची टूम निघाली. बहुधा सोळा चौकटी, प्रत्येकीत बाप, आई, मूल आणि खाली सूत्र : स्पॅनिश आणि इंडियन मिळून मेस्तिसो, मेस्तिसो आणि स्पॅनिश मिळून कास्तिसो, अशी उतरत जाणारी यादी. खालच्या चौकटींत नावे 'लांडगा', 'मागे उडी', आणि एक तर चक्क 'तू मला कळत नाहीस'. मनुस्मृतीचा दहावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना ही भाषा नवी नाही. अमका बाप, तमकी आई, म्हणून हा चांडाळ, म्हणून याने गावाबाहेर राहावे. एकाने संस्कृतात लिहिले, दुसऱ्याने तैलरंगात.

फरकही आहे, आणि तो झाकू नये. तिकडे तीन पिढ्या स्पॅनिशांशीच लग्ने झाली तर मूळनिवाशाचा वंशज पुन्हा 'स्पॅनिश' ठरे. आफ्रिकी रक्ताला ती सवलत नव्हती, तरी राजाला पैसे भरून गोरेपणाची सनद घेता येई. आपल्याकडे चांडाळाला सनद विकण्याइतकी उदारता कोणी दाखवली नाही. म्हणून बाबासाहेबांनी १९१६च्या कोलंबियातल्या निबंधापासूनच जात म्हणजे वंश हे समीकरण नाकारले आणि बोट ठेवले ते जातीअंतर्गत विवाहावर.

इथेच मला आपल्या चळवळीतल्या तरुणांशी वाद घालायचा आहे. आंतरजातीय लग्ने वाढली की जात आपोआप संपेल, असे आज बरेच जण व्यासपीठावरून सांगतात. सरकारही अशा जोडप्याला ५०,००० रुपये देऊन मोकळे होते. या लग्नांना माझा विरोध नाही. अशी लग्ने करणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे, २०१४चे खर्डा आपण विसरलेलो नाही. प्रश्न 'आपोआप' या शब्दाचा आहे.

मेक्सिकोत रक्त मिसळून झाले आहे. पाचशे वर्षे मिसळले. मोरेलोस यांनी १८१३ साली गुलामीबरोबर कास्तांचे भेदही रद्द करावेत अशी मागणी लेखी मांडली, स्वातंत्र्यानंतर हे भेद कायद्यातून गेलेही. आणि 'जातींचे युद्ध' पेटले ते त्यानंतर पाव शतकाने! कारण कायद्यातून गेलेली उतरंड जमिनीत, करात आणि मळ्याच्या वहीत शाबूत होती. १९२५ साली होसे वास्कोन्सेलोस या विचारवंताने 'वैश्विक वंश' मांडला, म्हणजे आम्ही सगळे मिश्र, मग भेद कुठला? 'आमच्याकडे कोणी जात मानत नाही' या सदाशिवपेठी वाक्याचेच हे स्पॅनिश रूप. याच देशाच्या सरकारी सांख्यिकी संस्थेने २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. लोकांना त्वचेच्या अकरा छटांच्या पट्टीवर आपला रंग दाखवायला सांगितले होते. जितका रंग गडद तितके शिक्षण कमी, असे चित्र निघाले. ते पाहायला अहवालच हवा असे नाही. प्रोग्रेसोच्या किनारी रस्त्यावर उभे राहा. घरे विक्रीच्या जाहिरातींवर गोरे चेहरे, त्या फलकांच्या सावलीत झुले विकणारे सावळे.

'जातीचे निर्मूलन' १९३६ सालचे. त्यात आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हटला आहे, हे सगळे सांगतात. पण बाबासाहेब तिथे थांबलेले नाहीत. लोक अशी लग्ने का करत नाहीत, हा पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला आणि उत्तर शास्त्रांच्या पावित्र्यात शोधले. म्हणून महाडला १९२७ साली मनुस्मृती जळाली. (मानी गावात १५६२ साली दिएगो दे लांदा या पाद्र्याने मायांची पुस्तके जाळली होती, आज त्यांच्या चारच पोथ्या उरल्या आहेत. 'पुस्तक जाळणे वाईटच' म्हणत दोन्ही आगी एका मापाने मोजणारे आपल्याकडे भेटतात. एक आग जेत्याने जितांच्या स्मृतीला लावली, दुसरी जितांनी आपल्या गळ्यातल्या फासाला.)

युकातानात जे थोडे हलले, ते कशाने हलले तेही पाहा. १९१५ साली क्रांतीचा सेनापती साल्वादोर आल्वारादो आला आणि त्याने मजुरांची कर्जे रद्द केली. १९२२ साली गव्हर्नर झालेले फेलिपे कारिल्यो पुएर्तो मायांशी माया भाषेत बोलत. राज्यघटना त्यांनी माया भाषेत नेली, जमीन वाटायला घेतली. ३ जानेवारी १९२४ला त्यांना गोळ्या घालून मारले. बंडखोरांची ती जुनी राजधानी, चान सांता क्रूझ, आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मळ्यांची मोठी वाटणी शेवटी १९३७ साली राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी केली. आणि ३ मे २०२१ रोजी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच गावात मायांची जाहीर माफी मागितली. माफीने पोट भरत नाही, हे त्या मुलीनेही सांगितले. तिचा भाऊ कानकुनच्या हॉटेलात खोल्या साफ करतो. तरीही, राष्ट्राच्या प्रमुखाने उभे राहून 'आम्ही अन्याय केला' म्हणणे आपण कधी ऐकले आहे?

लग्न, शास्त्र आणि जमीन. यांतले तिसरे आपल्या बोलण्यातून गळत चालले आहे. १९५९ला आणि पुन्हा १९६४-६५ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. त्यांपैकी जे आज हयात आहेत ते ऐंशीच्या पुढचे आहेत. नाशिक, खानदेश आणि मराठवाड्यातल्या अशा आजी-आजोबांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम आम्ही काही जण या पावसाळ्यानंतर सुरू करत आहोत. ज्यांच्या घरी, भावकीत किंवा वस्तीत कोणी असेल त्यांनी कळवावे. फोन असलेला आणि वाट बघत बसण्याची सवय असलेला एक कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यातून हवा आहे.

जय भीम.