बैल सुटतो की नाही

18 जानेवारी 2025, शनिवार. सावेडी, अहिल्यानगर

धाकट्या भावाच्या निवृत्तीचे पैसे जमा झाले आणि घरात दोन तट पडले. त्याला मोटरहोम हवी. पुतण्याचं म्हणणं, कॅम्पर घ्या. निवाडा माझ्याकडे आला, कारण घरात मोठा मी. आमच्या जिल्ह्यात कॅम्पर म्हटलं की पुढे दोन रांगा सीट आणि मागे हौदा असलेली बोलेरो कॅम्पर डोळ्यांपुढे येते, तेव्हा आधी नावांचा घोळ निस्तरावा म्हणून दिवसभर वाचत बसलो.

अमेरिकेत कॅम्पर म्हणजे बहुधा गाडीमागे ओढायचं घर, किंवा पिकअपच्या हौद्यावर चढवायचं. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. मोटरहोममध्ये इंजिन, चालकाची जागा आणि बिछाना एकाच सांगाड्यावर. तिचे तीन वर्ग: बसएवढी ती ‘ए’, व्हॅनमध्ये बसवलेली ती ‘बी’, आणि चालकाच्या डोक्यावर पलंग काढलेली ती ‘सी’. इंग्लंडात ओढायच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात आणि कॅम्परव्हॅन म्हणजे स्वतः चालणारी छोटी व्हॅन. आपल्या केंद्र सरकारच्या वाहनप्रकारांच्या यादीत ‘कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर’ हे शब्द शेजारी शेजारी आहेत. तिथे भेद वेगळाच: खासगी वापराची की धंद्याची.

20 जानेवारी, सोमवार. नागापूर एमआयडीसी

ओळखीच्या एका बॉडीवाल्या मिस्त्रींकडे धाकट्याला घेऊन गेलो. वहिनीही आल्या. मोटर कॅराव्हॅनची आंतरराष्ट्रीय व्याख्या मी वाचून दाखवली. चार गोष्टी हव्यात: बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं. टेबल सहज निघालं तरी चालतं, बाकी सगळं गाडीत पक्कं बसवलेलं पाहिजे.

वहिनींनी विचारलं, “आणि संडास?”

संडास व्याख्येत नाही.

“मग ही व्याख्या पुरुषांनीच केलेली दिसते,” त्या म्हणाल्या. मिस्त्री हसले आणि त्यांनी कागदावर मागच्या कोपऱ्यात एक चौकोन वाढवला.

मग मिस्त्रींनी वजनाचा हिशेब मांडला. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात बॅटऱ्या, इन्व्हर्टर, छतावरचं सोलर, प्लायवूड, सिलिंडर. एका बाजूला भार जास्त झाला तर करंजी घाटाच्या वळणावर गाडी कलते. पण त्यांची खरी अडचण कागदांची. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ वाहनात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. नमुना तपासून दाखला देणाऱ्या संस्था केंद्रीय नियमावलीच्या 126 व्या नियमात आहेत आणि त्यांत पहिलं नाव आपल्याच गावच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचं. लष्कराच्या गाड्यांसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेचा पत्ताही ‘वाहननगर’.

“कागद असल्याशिवाय मी पत्र्याला खिडकीसुद्धा कापत नाही,” मिस्त्री म्हणाले. या माणसाला गिऱ्हाईक कमी नसणार.

2 फेब्रुवारी, रविवार. प्रवरानगरच्या वाटेवर

लोणीला एका लग्नाला निघालो होतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना इथलाच, पहिला गळीत हंगाम 1950 चा. रस्त्याच्या कडेला ऊसतोड मजुरांचा तळ लागला होता. बांबू, चटया आणि ताडपत्री यांच्या कोप्या, पुढे चुली, टायरच्या गाड्या, बैलांपुढे वाढं.

पाथर्डीकडच्या एक बाई भाकरी थापत होत्या. मी विचारलं, गाव सोडताना सामान कसं आणलं?

“सगळं गाडीतच की. भांडी, बाजरी, लेकरं, कोंबड्या.”

“मग गाडीतच का राहत नाही?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं ऐकायच्या आधीच उत्तर समजलं. “गाडीत राहिलो तर ऊस कशात भरायचा? गाडी रात्र रात्र कारखान्यावर नंबरात उभी असती. लेकरं काय तिथं निजवायची?”

पुस्तकांतून जे हाती लागलं नव्हतं ते इथे लागलं. वाटेवर गाडी हे घर असतं. मुक्कामी पोचलं की घर खाली उतरतं आणि गाडी कामाला जाते. जोडी सुटते म्हणून दोन्ही चालतं. ट्रेलरवाल्या कॅम्परचं सारं गणित हेच आहे. फक्त हे लोक सहलीला आलेले नाहीत. उचल फेडायला आलेत. दिवाळीनंतर गाव सोडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं. संडास यांच्याही व्याख्येत नाही, पण इथे हसण्यासारखं काही नाही.

16 फेब्रुवारी, रविवार. राहुरी

पुतण्याला ट्रेलर हवा ना, मग त्याने आधी मामाच्या मळ्यात ट्रॉली मागे घेऊन दाखवावी, असं ठरलं. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉलीचं ढुंगण उजवीकडे जातं. जास्त फिरवलं तर दोन्ही एकमेकांत घडी होतात. अर्धा तास त्याचा आणि ट्रॉलीचा संवाद चालला. मग गड्याने एका हाताने स्टिअरिंग धरून, मागे वळून बघत, ट्रॉली गोठ्याच्या दारात सरळ लावून दिली. आपल्याकडे गावोगाव ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्सच्या स्पर्धा का भरतात ते पुतण्याला कळलं.

ट्रेलरचे आणखी दोन मुद्दे त्याला वहीत लिहायला लावले. एक, ट्रेलरची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. दोन, चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवणं धोक्याचं. ब्रिटनमध्ये तर त्याला कायद्याने मनाई आहे. म्हणजे आजीला मागे झोपवून नेता येणार नाही, तिला पुढच्या गाडीत बसूनच यावं लागेल. मोटरहोममध्ये निदान पट्टा बांधून बसायच्या सीटा तरी घराच्या आतच असतात.

22 फेब्रुवारी, शनिवार. भिंगार

आलमगीर दर्ग्यावरून परतताना मनात छावणीचा विचार आला. औरंगजेब 3 मार्च 1707 रोजी इथेच वारला. दक्षिणेत उतरल्यापासून पाव शतक त्याची छावणी मराठ्यांच्या मागे फिरत राहिली. फ्रेंच प्रवासी बर्निए याने त्याच बादशहाच्या आधीच्या काश्मीर-प्रवासाचं वर्णन केलंय. त्यात ‘पेशखाना’ येतो. शाही तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका संचात मुक्कामाला असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. पोचताच घर तयार.

एवढे हत्ती आणि उंट दिमतीला असल्यावर घर आणि जनावर जोडून ठेवायची गरजच काय? ज्याला हा थाट परवडत नाही आणि रोज मुक्काम हलवायचाय, त्याच्यासाठी मोटरहोम निघाली. ती गरिबाचा पेशखाना आहे. अर्थात गरीब कुणाला म्हणायचं, हे किंमत ऐकल्यावर ठरवावं.

2 मार्च, रविवार. भंडारदरा

कालपासून भाड्याच्या मोटरहोममध्ये आहोत. संगमनेर, अकोले, राजूर, रंधा करत शेंडीला आलो. धाकटा खूश. वाटेत पाऊस नाही की ऊन नाही, लहर आली तिथे चहा. वहिनींनी चालत्या गाडीत काही शिजवायचं नाही असा नियम केला, तो बरा.

रात्री धरणाच्या कडेला उभे राहिलो. हे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं आणि इथल्या पाण्यावर खाली प्रवरेच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. कोप्यांची वाट इथूनच सुरू होते म्हणायची. शेजारी मुंबईची पोरं तंबूत होती.

सकाळी दूध संपलं. तंबूवाली पोरं मोटरसायकलवर शेंडीत जाऊन दूध घेऊन आली. आम्ही मात्र अंथरुणं आवरली, भांडी कपाटात कोंबली, छताची झडप लावली, विजेची वायर सोडवली, आणि अर्धा लिटर दुधासाठी अख्खं घर गावात नेलं. परतलो तर आमच्या जागी एक बस उभी. मग साम्रदकडे सांधण दरी बघायला जायचं निघालं. रस्ता अरुंद, समोरून जीप आली की कुणी मागे जायचं हा प्रश्न. शेवटी घर शेंडीत ठेवलं आणि जीप भाड्याने केली. कळसूबाईचं शिखर जीपमधूनच पाहिलं.

ट्रेलर असता तर तो इथेच थांबला असता आणि पुढची गाडी मोकळी फिरली असती. पुतण्या काही बोलला नाही. फक्त दूध तापलं तेव्हा त्याने मोठा कप घेतला.

19 मार्च, बुधवार. रंगपंचमी, मढी

कानिफनाथांच्या यात्रेला आलो. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. होळीपासून पाडव्यापर्यंत इथे गर्दी असते. भटक्या जमातींच्या पंचायती पूर्वी इथेच बसत. गाढवांचा बाजार अजून भरतो. गाढव बघताना व्यापारी दात पाहतो, पाठ चाचपतो. ज्याच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या संसार गेला त्याची ही तपासणी.

भटक्यांचं गाढव, धनगरांचं घोडं, तोडणीवाल्यांचा बैल: कुणीही जनावराला घरात गुंतवलेलं नाही. तळावर पोचलं की ओझं उतरवायचं आणि जनावर चरायला सोडायचं. विलायतेतही सुरुवात अशीच झाली. डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 साली निव्वळ हौसेसाठी ‘वाँडरर’ नावाचं फिरतं घर बांधून घेतलं, तेही दोन घोडे ओढत. घोडे रात्री तबेल्यात, डॉक्टर घरात. इंजिन आलं तेव्हाच जनावर आणि घर एकजीव करणं शक्य झालं. फायदा एकच, पण मोठा: उतरवणं-चढवणं नाही. तोटाही एकच: सुटणं नाही. इंजिन बिघडलं तर घरासकट गॅरेजात मुक्काम.

23 मार्च, रविवार. सावेडी

निवाडा दिला. आत फ्रीज कोणता, पलंग किती फुटी, हा वाद मी चालवून घेतला नाही. धाकट्याला एवढंच विचारलं, “घरून निघाल्यावर तिसऱ्या रात्री तू कुठे असशील?”

“नर्मदेच्या काठाने चाललेलो असेन. रोज नवा घाट.”

“मग तुला मोटरहोम.”

पुतण्याला तेच विचारलं. तो म्हणाला, “काका, पहिल्या रात्री जिथे तिथेच. आठवडाभर भंडारदऱ्याला, लॅपटॉपवर काम करत.”

“मग तुला ट्रेलर. आणि रिव्हर्स शिक.”

राज्याच्या 2021 च्या कॅराव्हॅन धोरणात दोन्ही प्रकार बसतात, आणि घर उभं करायच्या कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. पण पैसे एकालाच पुरतील एवढे, आणि ते धाकट्याचे. म्हणून पहिलं वर्ष भाड्याने हिंडायचं आणि दर मुक्कामी किती रात्री राहिलो ते वहीत लिहायचं, असं ठरवलं. वर्षाअखेर वहीत एकेका रात्रीचे मुक्काम जास्त निघाले तर मोटरहोम, नाहीतर ट्रेलर. वही वहिनींकडे राहील. चौकोनाची अट दोन्हीकडे लागू.