रस्त्यापलीकडची काशी

शिवाजी पेठेत ज्याचे आयुष्य गेले त्याने वाहनांस भ्यावे, ही गोष्ट पेठेच्या लौकिकास कमीपणा आणणारी आहे, हे आम्हांस मान्य आहे. निवृत्ती चौकात एकीकडून रिक्षा, दुसरीकडून बस आणि मधोमध गंगावेशीच्या दूधकट्ट्याकडे संथपणे निघालेल्या म्हशी, अशा गर्दीतून आम्ही हात वर करून निर्धास्तपणे पार होत आलो आहो. दिवाळीच्या पाडव्यास तर आमच्या गावच्या म्हशी धन्याच्या फटफटीमागे शेपूट उभारून धावतात. अशा गावचा मनुष्य फ्लॉरेन्स शहरी एका रस्त्याच्या कडेला पाव तास थरथरत उभा राहिला, हे येथे कबूल करणे भाग आहे.

फ्लॉरेन्सला लोक चित्रे पाहण्यास जातात; आम्ही गेलो होतो ते आमच्या महाराजांस भेटण्यास. विलायतेहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्या शहरी निवर्तले. वय अवघे वीस. विशेष परवानगी मिळवून त्यांचे दहन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर झाले. १८७४ मध्ये तेथे छत्री उभारली गेली. आमच्या नव्या राजवाड्याचा आराखडा ज्यांनी केला, त्या मँटसाहेबांचीच तिची योजना. ही छत्री ज्या नदीकाठच्या उपवनाच्या टोकाला आहे, त्याचे नाव 'काशीने'. ते ऐकताच सौभाग्यवती म्हणाली, "म्हणजे काशीच की हो!" भाषाशास्त्र बाजूस ठेवून आम्ही मान डोलावली.

परंतु या काशीच्या वाटेवर वैतरणी होती. आमच्या गंगावेशीत वेस उरली नाही, नाव उरले. तेथे उलट वेस उभी आहे आणि तट नाहीसा झाला आहे. १८६५ पासून सहा वर्षे फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होते. त्या काळी तट पाडून त्या जागी रुंद रस्ते काढण्यात आले. महाराज आले तेव्हा हे काम चालूच असावयाचे. आज पोर्ता अल प्रातो ही जुनी वेस वाहनांच्या पुरात बेटासारखी उभी आहे.

आम्ही पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल ठेवले. सौभाग्यवतीने आमचा हात घट्ट धरला होता. पन्नास वर्षांच्या सवयीने आम्ही प्रथम उजवीकडे पाहिले. तो रस्ता मोकळा! तेथील वाहने उजव्या अंगाने चालतात आणि जवळचे संकट डावीकडून येते, हे आम्ही आदल्या रात्रीच तिला सविस्तर समजावून सांगितले होते. डाव्या कानाशी एक स्कूटर किंचाळली. त्या क्षणी आम्ही काय केले? हात हिसकून घेतला आणि मागे उडी मारली.

भानावर आलो तेव्हा आम्ही पदपथावर सुखरूप होतो आणि ती रस्त्याच्या मध्यावर एकटी, पदर सावरीत उभी होती. स्कूटर तिला वळसा घालून निघून गेली होती. इतक्यात भाजीची पिशवी घेतलेली एक इटालियन म्हातारी आली. तिने सौभाग्यवतीचा दंड धरला, दुसरा हात वर केला आणि वाहनांकडे ढुंकूनही न पाहता दोघी पलीकडे गेल्या. वाहने थांबली! हात वर करण्याची ती तऱ्हा थेट निवृत्ती चौकातील होती. जो चालतो त्याच्यासाठी तेथील सारथी थांबतो. जो घुटमळतो त्याला तो मोजीत नाही. हे ज्ञान आम्हांस अलीकडच्या तीरावर झाले. पुढे शाळकरी मुलांची एक रांग आली, तिच्या शेपटाला लागून आम्ही पार झालो. सौभाग्यवती काही बोलली नाही.

तासाभराने छत्रीपाशी पोहोचलो. छत्रीखाली महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. चेहरा आमच्या वर्गातील पहिल्या बाकावरच्या एखाद्या विद्यार्थ्याचा असावा तसा कोवळा. जवळच १९७८ साली खुला झालेला प्रचंड पूल आहे. त्यालाही लोक 'भारतीयाचा पूल' म्हणूनच ओळखतात. त्यावरून मोटारींचा घोष अखंड चालू होता.

सौभाग्यवतीने चप्पल काढून नमस्कार केला. मग हळूच म्हणाली, "एवढ्या लांब, शेवटी जवळ आपलं कोण होतं यांच्या?"

"होती की," आम्ही इतिहास सांगू लागलो, "सोबत बरीच मंडळी होती."

"सोबत तर आज मलाही होती," ती म्हणाली.

आम्ही पुलाकडे पाहत राहिलो.

परतीच्या वाटेवर पुन्हा तीच वेस, तोच पूर. या वेळी हात आम्ही मागितला. तिने क्षणभर विचार केला, खांद्यावरची कापडी पिशवी काढली, तिचा एक बंद आमच्या हाती दिला, दुसरा स्वतःच्या मुठीत धरला, आणि डावीकडे पाहून पाऊल टाकले.