दोनशे वर्षांची वीट

आयर्लंडमधल्या कॉनेमारात शेजारच्या आजोबांबरोबर टर्फ, म्हणजे जळणासाठी वापरायचा दलदलीतला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, काढायला गेलो, त्याला चार दिवस झाले; कंबर अजून बोलते आहे. ते स्लानने, म्हणजे बाजूला पातं असलेल्या लांब दांड्याच्या फावड्याने, काळी ओली वीट कापून वर फेकत. मी पसरायचो. लोण्यासारखी मऊ, गार, बोटांचे ठसे उमटणारी. दलदलीत हा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर चढतो. म्हणजे वीतभर विटेत दोनशे वर्षं! आणि आम्ही ती संध्याकाळच्या चहासाठी जाळणार.

जरा वाळल्या की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, मधून वारा खेळेल अशा.

एकीत गवताची काडी दिसली, शाबूत. कसली, ते विचारायचं राहून गेलं. ती वीट घरी आणली. खिडकीत आहे, रोज थोडी हलकी होते.