आधी गाय की आधी मशरूम?

ऑयस्टर मशरूम म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? थाई करी, पास्ता, फार तर सुपरमार्केटच्या फ्रिजमधला ट्रे. मला आठवतं तणस. म्हणजे धान झोडल्यावर उरणारं काड. मी गोंदियाची ना, धानाच्या बांध्या आणि राइस मिल्सच्या जिल्ह्यातली!

शेतीची पुस्तकं या मशरूमला धिंगरी अळिंबी म्हणतात. तिचा डाएट सिंपल : लाकूड, काड्या, पालापाचोळा. १९६२ साली म्हैसूरच्या सीएफटीआरआयमधल्या संशोधकांनी ती भाताच्या काडावर वाढवून दाखवली. माझी मामी आज तेच करते. तणसाचे बोटभर तुकडे करायचे, भिजवायचे, गरम पाण्यातून काढून निथळवायचे. मग पिशवीत थरावर थर आणि मधे स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं. दोन-तीन आठवड्यांत पिशवी आतून पांढरीफेक. वरून पाणी शिंपडत राहिलं की भोकांतून शिंपल्यांसारखे गुच्छ बाहेर! एक किलो सुक्या तणसातून साधारण अर्धा ते एक किलो ताजं मशरूम. गिऱ्हाईकही तयार, कारण पावसाळ्यात रानातल्या सात्यांवर तुटून पडणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत.

भांडण आहे ते तणसाचं. मशरूमला कोरडं, न भिजलेलं, याच हंगामातलं तणस लागतं. गायीलाही तेच. मामा गायीच्या बाजूने.

मी पुण्याहून फोनवर पर्याय सुचवले. सोयाबीनचं कुटार? तेही गुरं खातात. तुराट्या? त्या चुलीला. मिलमधला धानाचा कोंडा? तो मिलच्याच भट्टीत जळतो, शिवाय एकट्या कोंड्यावर धिंगरी नीट धरत नाही. ‘‘अगं, पण शेवटी कचराच ना तो?’’ मी म्हटलं.

‘‘कायचा कचरा वं? गाय काय खाईन मंग?’’

‘ॲग्रो-वेस्ट’ हा शब्द शहरात बसून छान वाटतो. गावात मात्र प्रत्येक काडीला मालक असतो. तरी मामीने हट्ट सोडला नाही. तिचा हिशेब सरळ आहे : दूध घराचं, मशरूमचे पैसे तिचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच असे, कोणाला न विचारता खर्च करायचे. आता धान झोडलं की तणसाच्या ढिगातला ठरलेला वाटा मामीचा. तोड संपली की पिशवीतलं उरलंसुरलं खताच्या खड्ड्यात आणि तिथून परत बांधीत. पारा चाळिशीकडे निघाला की धिंगरीला सुट्टी; तेव्हा सगळं तणस गायीचं.

तुम्हाला ट्राय करायचंय? मग कॉफीचा चोथा बघा. त्याच दिवशीचा घ्या, कारण त्यावर हिरवी बुरशी फार लवकर चढते, आणि गरम पाण्यातून काढलेल्या काडात मिसळा. कोपऱ्यावरचा कॅफेवाला बहुतेक फुकट देईल. त्याच्यावर अजून कुठल्या गायीने हक्क सांगितलेला नाही.