कंस आणि रेघ

डॉन नॉर्मन यांनी ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’च्या २०१३ सालच्या आवृत्तीत ‘सिग्निफायर’ या संज्ञेला स्वतंत्र स्थान दिले. वस्तू कशी वापरावी हे सुचवणारी खूण, म्हणजे संकेतक. मला ही संज्ञा खऱ्या अर्थाने उमगली ती सातबाऱ्यावर.

दौंड तालुक्यातील आमच्या उताऱ्यावर आत्याचे नाव कंसात होते. भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात दिलेल्या आत्याने हक्कसोडपत्र केले तेव्हाचा तो कंस. महसुली लिपीत कंस म्हणजे नाव कमी झाले. शाळेतल्या मराठीत कंस म्हणजे जास्तीची माहिती. आत्या दुसऱ्या अर्थाने वाचीत असे. "कंसात का होईना, माहेरी आहे मी," असे म्हणे. रचनाकाराच्या आणि वापरणाऱ्याच्या मनातील चित्रांत अंतर पडते म्हणतात, ते हेच. (इतकी वर्षे ते कुणाला खटकले नाही, हेही नवलच.)

२०२० साली राज्याने सातबाऱ्याचा नमुना बदलला. पूर्वी कंस होणारी नावे आडव्या रेघेने खोडलेली दिसू लागली. रचना म्हणून हा बदल मला निर्विवाद चांगला वाटतो. संदिग्धता उरली नाही. नवा उतारा मीच छापून आत्याकडे नेला. तिने चष्मा लावला, रेघेवरून बोट फिरवले आणि विचारले, "ही कुणी मारली रे?"