तुसाची राख

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर. झाशीच्या वाटेवर तासाभराच्या अंतरावर डबरा आहे, भाताचा मुलूख. डोक्यात आहे ती तिथल्या राखेची गोष्ट.

हिशेब: क्विंटलभर भातामागे साधारण २० किलो तूस. ते गिरणीच्या बॉयलरमध्ये जाळलं की ४ किलो राख. तुसाला निदान जळणाचा भाव तरी मिळतो. राखेला सहज गिऱ्हाईक मिळत नाही.

आजी पितळेची भांडी घासायला चुलीतली राख घ्यायची, पण तुसाची कधीच नाही. "ओरखडे पाडते मेली." बरोबरच होतं. त्या राखेत ८५-९० टक्के सिलिका.

हीच सिलिका काळ्या मातीला कामाची. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यावरची भिंत तडकते, रस्त्याला लाटा येतात. आपली नेहमीची रीत म्हणजे ती खणून काढा, मुरूम भरा. दोन्ही खेपांना डिझेल, शिवाय कुठल्या तरी टेकडीचा लचका. दुसरी रीत म्हणजे त्याच मातीत चुना आणि तुसाची राख कालवायची, बेताचं पाणी द्यायचं, रोलरने दाबायची. चुना आणि सिलिका मिळून माती बांधून ठेवणारा पदार्थ तयार होतो. सिमेंटची पकडही त्याच जातीच्या पदार्थाची. मात्र इथे आठवडे जातात. बिल काढायची घाई असलेल्या ठेकेदाराला हे झेपायचं नाही.

राख एकटी काही करत नाही, चुना लागतोच. आणि टनभर शुद्ध चुनखडी भाजली की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. राखेमुळे चुना किंवा सिमेंट जितकं वाचेल तितकीच खरी कमाई. राख दोनशे किलोमीटरवरून आणली तर तीही ट्रकच्या धुरात गेली.

२१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळ मनसरला लिग्निन मिसळलेल्या डांबराच्या रस्त्याचं उद्घाटन झालं. लिग्निन पिकांच्या काडीकचऱ्यातूनही निघतं, म्हणजे शेतातलं उरलंसुरलं रस्त्यात जाऊ शकतं. राष्ट्रीय महामार्ग ४४; हाच रस्ता डबऱ्यावरून जातो. पण ते वरच्या थराचं काम. पायाकडे कोण बघतं? उद्घाटनाच्या फोटोत तो दिसत नाही.

राखेची मेख तूस जाळण्यात आहे. साधारण ७०० अंशांच्या आत नीट जळालं तर सिलिका चुन्याशी चांगली मिळते. फार तापलं तर तिचे स्फटिक होतात आणि ती सुस्त पडते. शेतात पेटवलेल्या पराळीची राख या कामाची नाही. तिच्यात सिलिका कमी, क्षार जास्त.

डबऱ्याकडे जाणाऱ्यांनी गिरणीमागच्या राखेच्या ढिगाचा रंग तेवढा बघून सांगावा. काळा म्हणजे अर्धवट जळालेली, गुलाबीसर म्हणजे फार तापलेली. मला करडी हवी आहे.