तेजाब

अब्बा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हाच त्यांना मधुमेह आणि रक्तदाब होता. दोन्ही आजार इतके जुने की घरातल्या माणसांसारखे झाले होते. २०१३च्या उन्हाळ्यात तिसरा उघडकीस आला. रक्तातलं क्रिएटिनिन ४.२ निघालं. डॉक्टर म्हणाले, किडन्या जेमतेम काम करताहेत, मीठ कमी करा, महिन्याने पुन्हा दाखवा. त्या रात्री आम्ही तिघं भावंडं कोंढव्याच्या घरात उशिरापर्यंत नुसती बसून होतो.

त्याच आठवड्यात कुणीतरी अब्बांना एका व्याख्यानाला नेलं. येताना त्यांच्या हातात एक झेरॉक्स तक्ता होता. डावीकडे 'आम्लधर्मी': मटण, मासे, अंडी. उजवीकडे 'क्षारधर्मी': शहाळं, केळी, पालक, टोमॅटो, फळांचे रस. ऐंशी टक्के उजवीकडचं खा, वीस टक्के डावीकडचं, म्हणजे सगळे रोग पळतील. मांसाहाराने रक्त आम्ल होतं, आणि अशा रक्ताचा माणूस तापट होतो, असंही वक्त्याने सांगितलं होतं. त्या सभेत दाढीवाले अब्बा एकटेच होते. घरी आल्यावर ते हळूच म्हणाले, "खून में तेजाब हो गया है, बेटा. जिंदगीभर खाया ना."

आम्ही गप्प राहिलो. खरं तर आमच्याकडे मटण शिजायचं ते जुम्म्याला, तेही अर्धा किलो, सात माणसांत. बाकीचे दिवस डाळ, भाजी आणि ज्वारीची भाकरी. पण आजारी माणसाला आपल्या आजाराचं कारण सापडलं की तो त्याला घट्ट धरून बसतो. आणि ते कारण आपल्याच ताटातलं असेल, तर अधिकच.

पुण्याला निसर्गोपचार नवा नाही. ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचं केंद्र होतं, गांधीजी तिथे राहत. पुढे त्याच जागी राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आली. उरुळी कांचनचा आश्रम १९४६चा. साधं खा, भाजीपाला खा, मोजकं खा, ही शिकवण या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे आणि ती वाईट नाही. आमच्या घरातला तक्ता या संस्थांचा नव्हता. पण या पुण्याईमुळेच आम्ही त्याच्यावर चटकन विश्वास ठेवला.

तक्ता फ्रिजवर लागला. सकाळी शहाळं, अकराला टोमॅटोचं सार, दुपारी केळं, संध्याकाळी पालकाचा रस. अब्बांनी लघवी तपासायच्या रंगीत पट्ट्या आणल्या. पिवळी पट्टी हिरवी झाली की त्यांचा चेहरा उजळायचा. आम्हीही खूश व्हायचो.

बाराव्या दिवशी त्यांना जिना चढवेना. पाय लुळे पडल्यासारखे झाले, छातीत धडधडू लागलं. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान हवं, ते ६.८ होतं. ईसीजीतल्या रेघा टोकदार झाल्या होत्या. शिरेतून कॅल्शियम दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, आणि रात्रीच डायलिसिस. थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं.

तिथल्या तरुण डॉक्टरने तक्ता मागितला. तो रागावला नाही. कागद उलटा करून त्याने मागच्या बाजूला आम्हाला समजावून सांगितलं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. जेवणाने तो हलत नाही, कारण शरीर हलू देत नाही. जठरातलं आम्ल लिंबापेक्षा जहाल असतं, तरी रक्त तसंच राहतं. एक पहारेकरी फुप्फुसं, ती श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. दुसरा किडन्या. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्या जादा आम्ल लघवीत टाकतात आणि बायकार्बोनेट परत रक्तात घेतात. म्हणजे पट्टीचा रंग बदलला, तो किडनीने काय बाहेर टाकलं त्याचा. रक्ताचा नव्हे.

तक्त्यात सत्याचा अंश होता, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मांसातल्या प्रथिनांत गंधक असतं आणि त्यातून शरीरात खरोखरच सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. फळं-भाज्यांतून उलट बायकार्बोनेट मिळतं. म्हणूनच जिभेला आंबट लागणारं लिंबू पचल्यावर क्षाराच्या बाजूला जातं. पण गहू-तांदूळही आम्लाच्याच बाजूचे, आणि कडक चीज मटणाच्याही पुढे. म्हणजे भाकरी खाणारा सोवळा आणि मटण खाणारा ओवळा, असं किडनी मानत नाही. किडन्या थकल्या की आम्ल खरंच साठतं. तेव्हा सोडा बायकार्बच्या गोळ्या देतात, कधी मोजून भाज्याही वाढवतात. पण त्याच थकलेल्या किडन्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि उजवीकडची यादी तर पोटॅशियमनेच भरलेली. निरोग्याला जे अमृत, तेच अब्बांना विष ठरलं होतं.

क्षाराच्या आहाराचा मोठा बोलबाला करणारा अमेरिकेतला रॉबर्ट यंग परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१६मध्ये दोषी ठरला. ती बातमी वाचली तेव्हा आम्हाला आनंद झाला नाही. तक्ता फ्रिजवर आम्हीच चिकटवला होता.

जुलैत रमजान आला. अब्बांनी आयुष्यात प्रथमच रोजे सोडले. आजाऱ्याला सवलत आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी रोज एका गरिबाच्या जेवणाचा फिदया दिला. खजूरही बंद होता. इफ्तारीला ते आमच्यासोबत बसत आणि आमच्या हातावर एकेक खजूर ठेवत. स्वतः पाण्याचा घोट घेत, तोही मापाचा.

अब्बा 'मुस्लिम सत्यशोधक पत्रिके'चे जुने वाचक. हमीद दलवाई १९७७ साली किडनीच्याच आजाराने पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, हे त्यांना पाठ होतं. डायलिसिसच्या खुर्चीवर बसून ते म्हणत, "मला त्यांच्याहून किती जास्त मिळालं!" २०१८ साली ते गेले.

भाज्या भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायची सवय आमच्या स्वयंपाकघराला अजून आहे. कुणी आहाराचा तक्ता दिला तर आम्ही आधी विचारतो, किडनीचा रिपोर्ट पाहिलाय का? पण एक गोष्ट राहूनच गेली. त्या पहिल्या रात्री आम्ही म्हणायला हवं होतं, अब्बा, तुमच्या किडन्या साखरेने आणि रक्तदाबाने गेल्या. तुमच्या खाण्यात कसलाही गुन्हा नव्हता. डॉक्टरने ते सांगितलं, तेव्हा अब्बा बेशुद्ध होते. नंतर आम्हीही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं होतं की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही.